लहान मुलं असताना एमव्हीडीचं ऑपरेशन: घरी आल्यानंतरच्या सहा आठवड्यांची तयारी

ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी (चेहऱ्यात विजेच्या झटक्यासारखी कळ येणारं नसेचं दुखणं) एमव्हीडी, म्हणजे त्या नसेवरचा दाब काढायचं ऑपरेशन, करायचं ठरलंय आणि घरात लहान मूल आहे, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि मुलगा अडीच वर्षांचा. हॉस्पिटलची तयारी आम्ही भरपूर केली होती, फाइल, इन्शुरन्स, रजा, रात्री सोबत कोण थांबणार, सगळं कागदावर होतं. घरी आल्यावर काय, याचा विचार मात्र "येतील की सगळे मदतीला" इथेच संपला होता. आणि आले पण सगळे. पहिल्याच आठवड्यात माझी आई, सासूबाई, नणंद, मावशी, सगळे एकदम, घरात पाय ठेवायला जागा नाही, मला करायला काहीच उरलं नव्हतं. बाराव्या दिवशी टाके निघाले, मी हसतबोलत होते, चेहरा दुखत नव्हता, म्हणून सगळे समाधानाने आपापल्या घरी गेले. तेराव्या दिवशी सकाळी मुलगा रडत आला आणि मी त्याला उचललं. नंतर दोन दिवस डोकं इतकं ठणकलं की परत दाखवायला जावं लागलं. तपासणीत काही निघालं नाही, पण ते दोन दिवस मी आणि नवरा ज्या भीतीत काढले ते कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

तुमचे सर्जन जे सांगतील ते शेवटचं. मी इथे घर कसं लावायचं एवढंच सांगतेय.

आधी ऑपरेशन नेमकं काय असतं ते घरच्यांना समजावा

हे महत्त्वाचं आहे कारण "मेंदूचं ऑपरेशन" म्हटलं की अर्धे लोक घाबरून गप्प होतात आणि "नसेचं ऑपरेशन" म्हटलं की उरलेले अर्धे किरकोळ समजतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी पाचवी नस असते, ती मेंदूच्या देठाजवळ जिथे शिरते तिथे एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून धडधडत असते, आणि त्या सततच्या दाबाने नसेचं वरचं आवरण खराब होतं, मग नुसता वारा लागला, दात घासले, घास चावला तरी विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. एमव्हीडी म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन. कानामागे साधारण नाण्याएवढं हाड उघडून, मायक्रोस्कोपखाली ती रक्तवाहिनी बाजूला करतात आणि मधे टेफ्लॉनचा बारीक कापसासारखा तुकडा ठेवतात. नस कापत नाहीत. अमेरिकेत पीटर जॅनेटा या सर्जननी 1960 च्या दशकापासून ही पद्धत रुळवली, आता जगभर होतेय.

बऱ्याच जणांचं दुखणं शुद्धीवर आल्यावर लगेच गेलेलं असतं, आणि घोळ तिथेच होतो. दुखणं गेलं म्हणजे पेशंट बरा झाला असं घरच्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटतं, कारण त्या कळेपुढे बाकी सगळं सोपंच असतं. पण कवटी उघडलेली असते, मेंदूभोवतीचं आवरण उघडून परत शिवलेलं असतं, मानेचे स्नायू कापून परत जोडलेले असतात. ते सगळं भरून यायला चार ते सहा आठवडे धरा, थकवा त्याहून जास्त राहू शकतो. हे वाक्य नवऱ्याला, सासूबाईंना, शेजारच्या काकूंना ऑपरेशनच्या आधी सांगून ठेवा. नंतर सांगायला गेलं की कुरकुर वाटते.

मदत सहा आठवड्यांवर पसरवा

माझ्या मते सगळ्या तयारीतली ही एकच गोष्ट नीट जमली तरी पुष्कळ झालं. कॅलेंडर घ्या, ऑपरेशनची तारीख टाका, साधारण चार-पाच दिवस हॉस्पिटलचे धरा आणि मग पुढचे सहा आठवडे वेगवेगळे लिहा. पहिल्या आठवड्यात तुम्ही बहुतेक झोपून असणार, तेव्हा तुमच्यासाठी एक आणि मुलांसाठी एक अशी दोन माणसं पुरतात. दुसरा, तिसरा आणि चौथा आठवडा खरा अवघड, तुम्ही चालता-बोलता, मुलं समोर, हात शिवशिवतात, आणि उचलायची परवानगी नसते. तेव्हा घरात दिवसभर एक धडधाकट माणूस हवंच. शक्य असेल तर नवऱ्याने सगळी रजा पहिल्या आठवड्यात संपवू नये, निम्मी तिसऱ्या आठवड्यासाठी ठेवावी. आई आणि सासूबाई दोघी येणार असतील तर एकीला आधी, एकीला नंतर बोलवा, आणि हे त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की "आत्ता सगळे आहेत, पंधरा दिवसांनी मला तुमची खरी गरज लागणारे". आणि आईचं वय सत्तर असेल, गुडघे दुखत असतील तर ती तुमच्याजवळ बसेल, औषधं देईल, पण अडीच वर्षांच्या मुलामागे धावू शकणार नाही. मग मुलासाठी दुसरं कुणीतरी शोधा, पगारी मावशी, पाळणाघर, जे परवडेल ते. पाळणाघर लावायचं असेल तर ऑपरेशनच्या निदान तीन आठवडे आधी लावा, नाहीतर आई हॉस्पिटलात आणि मूल अनोळखी जागेत, हे त्याला एकदम झेपत नाही.

झोपवणं, भरवणं, आंघोळ, या तीन गोष्टी जो कुणी नंतर करणार आहे त्याने त्या आधीपासून करायला घ्याव्यात, तुम्ही घरात असतानाच. आमच्याकडे नवऱ्याने आठवडाभर आधी झोपवायला सुरुवात केली, पहिले तीन दिवस रडारड झाली, चौथ्या दिवशी सवय झाली. ती रडारड माझ्या डोक्यावर टाके असताना झाली असती तर मी उठून गेलेच असते.

अजून एक, जे कुणी सांगत नाही: ओटीपी. शाळेचं ॲप, गॅस बुकिंग, सोसायटीच्या गेटचं ॲप, किराणा, व्हॅनवाल्या काकांचे पैसे, सगळं माझ्या नंबरवर. मी आयसीयूत आणि फोन पर्समध्ये बंद. हे सगळं दुसऱ्या फोनवर पण सुरू करून घ्या. शाळेत क्लासटीचरना लेखी कळवा की मुलीला न्यायला कोण कोण येऊ शकतं, फोटोसकट.

"उचलायचं नाही" म्हणजे काय ते किलोत समजून घ्या

डिस्चार्जच्या वेळी सांगतात, जड उचलू नका. आपल्याकडे जड म्हणजे सिलेंडर, असा समज असतो. बहुतेक सर्जन सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण चार-पाच किलोची मर्यादा सांगतात, तुमचा आकडा विचारून घ्या आणि फ्रीजवर लिहून लावा. आता बघा, वर्षाचं बाळ नऊ-दहा किलोचं असतं, अडीच वर्षांचं बारा-तेरा. आंघोळीची भरलेली बादली पंधरा किलोच्या वर. ओल्या कपड्यांची बादली, कणकेची पाच किलोची पिशवी, डाळीने भरलेला मोठा कुकर, पुस्तकांनी भरलेलं दप्तर, सगळं यात येतं.

उचलण्याइतकंच खाली वाकणं टाळायचं, कारण डोकं खाली गेलं की आत दाब वाढतो. पाया पडणं, फरशी पुसणं, खाली सांडलेली खेळणी गोळा करणं, पोराच्या बुटांची वेल्क्रो लावणं, सगळं बंद. खाली बसून लंगोट बदलायची सवय असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या, अगदीच वेळ आली तर पलंगाच्या उंचीवर, उभं राहून.

कुंथणं पण टाळायचं. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांकडून पहिल्या दिवसापासून लिहून घ्या, त्रास झाल्यावर नको. घरात भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकलवाल्याकडे मिळते, भाड्यानेही मिळते. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. खाकरून घसा साफ करणं, कपालभाती, जलनेती, नाकात तेल सोडणं हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. कुणीतरी जखमेला हळद-तेल लावायला सांगणारच, नाही लावायचं, जखम स्वच्छ आणि कोरडी एवढंच. डोक्यावरून आंघोळ कधी ते सर्जन सांगतील, तोवर मानेखालून, आणि बादली दुसऱ्याने भरून उंच स्टुलावर ठेवायची.

घर असं लावा

जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर पलंगाची सोय करा, उठताना वाकायला नको. पाठीखाली तीन उशा किंवा तिरकी उशी, डोकं साधारण 30 अंश वर राहील असं. मूल शेजारी झोपायचा हट्ट करेल आणि मुलं रात्री लाथा मारतात, तेव्हा ऑपरेशन न झालेल्या बाजूला त्याला घ्या आणि मधे एक लोड ठेवा. पहिले दहा दिवस तर वेगळंच झोपलेलं बरं.

सोफ्याजवळ मुलासाठी एक छोटा, न हलणारा पाट किंवा स्टूल ठेवा. त्याने स्वतः चढून तुमच्या शेजारी यायचं, हा नियम. आमच्याकडे हे आम्ही चौदाव्या दिवशी केलं, ऑपरेशनच्या आधीच करायला हवं होतं, कारण मुलाला मुळात कडेवर नको असतं, जवळ हवं असतं, आणि वर चढायला जमलं की तो स्वतःच खूश.

आवाजाचा फार त्रास होतो. मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरचं कार्टून. कान गच्च झाल्यासारखा वाटणं बऱ्याच जणांना होतं, कानामागच्या हाडात द्रव साठतो म्हणून, आणि ते हळूहळू कमी होतं. मिक्सरची कामं तुम्ही लांबच्या खोलीत असताना उरकायला सांगा. दिवाळीच्या आसपास तारीख मिळत असेल आणि पुढे ढकलता येत असेल तर फटाक्यांचा विचार करून डॉक्टरांशी बोला.

जेवण पहिले काही दिवस मऊच. जबडा आखडतो, मोठा घास घेता येत नाही, मळमळ असते. मऊ भात-मेतकूट, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, शिरा. गालावर बधिरपणा आला असेल तर गरम चहा त्या बाजूने पिऊ नका, भाजलेलं कळत नाही, आणि जेवताना गाल चावला जातो. सहा आठवडे पोळ्यांना बाई लावता आल्या तर लावाच, मुलांच्या डब्याचा प्रश्न सुटतो.

भेटायला येणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे पेशंटला बघायला जाणं म्हणजे माया, आणि ती मायाच असते. पण दहा माणसं म्हणजे दहा वेळा तीच कहाणी सांगायची, उठून बसायचं, वर मुलांना उशीर. घरातल्या एकाला हे काम द्या, त्याने फोन घ्यायचे आणि सांगायचं की पंधरा दिवसांनी या, आणि येताना फळांऐवजी मुलांना तासभर बागेत न्या. सर्दी-खोकला असलेल्यांनी मात्र अजिबात येऊ नये. शाळेतून मुलीला सर्दी झाली तर तिनेही मास्क लावायचा, कारण आत्ता तुम्हाला शिंका आणि खोकला परवडत नाही.

मुलांशी काय बोलायचं

खरं बोलायचं, थोडं बोलायचं. अडीच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं: आईच्या कानामागे बाऊ आहे, डॉक्टरकाका बरा करणार, आई पाच रात्री तिकडे झोपणार, मग घरी. सात वर्षांच्या मुलीला आठवडाभर आधी सांगितलं, आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला की तू मरणार का. मी सांगितलं की डॉक्टर हे ऑपरेशन खूप वेळा करतात, ते माझी नीट काळजी घेतील, आणि रोज संध्याकाळी बाबा तुला सगळं सांगेल. आणि रोज संध्याकाळी खरंच सांगितलं. मुलांना पट्टी, थोडे कापलेले केस, सुजलेला कान आधीच सांगून ठेवा, घरी यायच्या आदल्या दिवशी फोटो दाखवा.

आणि एक गोष्ट अगदी आठवणीने करा. दुखण्याच्या त्या वर्षांत आपली मुलं खूप काही शिकलेली असतात. माझा मुलगा माझ्या उजव्या गालाला कधीच हात लावायचा नाही, पापी पण डावीकडे, कारण एकदा चुकून हात लागला आणि मी ओरडले होते. ऑपरेशननंतर दुखणं गेलं तरी तो तसाच वागत राहिला, महिनाभर, आणि मला वाटत होतं तो रुसलाय. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता चालतं. मुलांना सांगा. त्यांचा हात धरून गालावर ठेवा, आणि त्याच वेळी दाखवा की कानामागे मात्र अजून नाही.

यालाच जोडून, या नसेच्या ऑपरेशननंतर काही जणांना ओठांवर तापाचे फोड येतात. ते हर्पिसचे असतात आणि तान्ह्या बाळाला धोक्याचे असू शकतात. फोड दिसला की बाळाची पापी घ्यायची नाही, हात धुवायचे आणि डॉक्टरांना कळवायचं.

औषधं

कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन वर्षानुवर्षं घेतलेलं असतं, आणि दुखणं थांबलं की ती गोळी त्याच दिवशी फेकून द्यावीशी वाटते. एकदम थांबवायची नाही, डॉक्टर वेळापत्रक देतात त्याप्रमाणे हळूहळू कमी करायची. दूध पाजत असाल तर ऑपरेशनआधीच बाळाच्या डॉक्टरांना आणि सर्जनना, दोघांनाही, सगळ्या औषधांची यादी दाखवा. कार्बामाझेपिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. मला चार वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. औषधांचा डबा मुलांच्या हाताला येणार नाही असा उंच, पण तुम्हाला वाकावं लागणार नाही असा. गोळ्या देणारं माणूस एकच ठेवा आणि वहीत वेळ लिहा, आमच्याकडे एकदा आईने दिली आणि नंतर नवऱ्याने परत आणून दिली होती.

हे दिसलं तर थांबायचं नाही

हा भाग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वाचून दाखवा. नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळणं, विशेषतः मान खाली केल्यावर, किंवा घशात मागे खारट चव येत राहणं, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, सर्दी समजून सोडू नका. जखमेतून ओल येणं, लाली, पू, कानामागे वाढत जाणारी मऊ सूज. 100.4 च्या वर ताप. मान आखडून उजेड सहन न होणं. डोकेदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, परत परत उलट्या. त्या बाजूचं ऐकू येणं अचानक कमी होणं, दोन-दोन दिसणं, डोळा लाल होणं, तोंड एका बाजूला वाकडं वाटणं, आणि हे शेवटचं घरी आल्यावर काही दिवसांनीही होऊ शकतं. पोटरी सुजून दुखणं, दम लागणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. पेशंट झोपाळल्यासारखा होऊन नीट जागा होत नाही, बोलणं अडखळतंय, हातपाय लुळे पडतायत, तोल जातोय, फिट आली, असं काही असेल तर 108 ला फोन, वाट बघायची नाही.

मोठ्या मुलाला हे एवढंच शिकवा: आई हाक मारल्यावर उठली नाही तर शेजारच्या काकूंना बोलवायचं, आणि 108 कसं लावायचं. आमच्या मुलीने दोनदा खोटं खोटं करून दाखवलं, आणि मला वाटतं त्याने तिची भीती कमीच झाली, कारण तिच्याकडे करायला काहीतरी होतं.

चौथ्या आठवड्यानंतर

चालणं वाढवा, घरातल्या घरात मग सोसायटीत, मुलाचं बोट धरून, पण रस्त्याच्या कडेला एकटीने नको, तोल अजून पक्का नसतो. गाडी चालवायची नाही जोवर सर्जन सांगत नाहीत, आणि टूव्हीलरचं वेगळं विचारा, कारण हेल्मेट बरोबर जखमेवर दाबतं आणि स्पीडब्रेकरचा धक्का मानेत बसतो. आमच्याकडे व्हॅनवाल्या काकांना दोन महिने मुलीला दारातून घ्यायला सांगितलं होतं. ऑफिसला अर्ध्या दिवसाने सुरुवात करता आली तर बघा, दुपारी चार वाजता बॅटरी संपल्यासारखं होतं आणि नेमकी तेव्हाच मुलं घरी येतात. माझी दुपारची झोप तीन महिने चालू होती. हॉस्पिटलनंतरची बिलं आणि प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा, बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांचा खर्च मिळतो, तुमच्या पॉलिसीत किती दिवस ते बघून घ्या.

मधेच कधीतरी गालात बारीक चमक येईल आणि काळजात धस्स होईल. नस सावरताना असं होऊ शकतं, तारीख लिहा, किती वेळ होती ते लिहा, आणि फॉलोअपला सांगा. वाढत असेल तर लगेच सांगा.

फॉलोअपला जाताना प्रश्न लिहून न्या, आणि त्यात हा प्रश्न मुलाच्या वजनासकट लिहा: "मुलगा साडेबारा किलोचा आहे, कधी उचलू?" नुसतं "नॉर्मल कामं कधी सुरू करू" विचारलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. मला सातव्या आठवड्यात परवानगी मिळाली. आधी सोफ्यावर बसून त्याला मांडीवर घ्यायचं, दोन-तीन दिवस तेवढंच, मग पाटावर उभ्या असलेल्या त्याला कमरेच्या उंचीवरून घ्यायचं म्हणजे वाकावं लागत नाही, आणि जमिनीवरून उचलणं सगळ्यात शेवटी, गुडघ्यात वाकून, ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या कडेवर. सोफ्याजवळचा पाट आम्ही अजून हलवलेला नाही, तो आता स्वतःच चढतो.